गॅलरीच्या आधी पाण्याचा टब





गेल्या रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीत उन्हाळी फुटबॉल स्पर्धेची मीटिंग झाली. पाऊण तास चर्चा चालली ती पत्र्याच्या मंडपावर, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, आणि यंदा मातीचं मैदान सोडून भाड्याचं टर्फ घ्यावं का, यावर. खेळणाऱ्या पोरांचा विषय शेवटी निघाला आणि दोन मिनिटांत संपला. एकजण म्हणाला, "पोरांत दमच राहिला नाही. महिनाभर दुपारी पळवा, आपोआप सुधारतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण ते वाक्य माझंच होतं. पी.टी. मास्तर म्हणून अठ्ठावीस वर्षं मी तेच बोलत आलो आणि बोलणारा माझाच जुना विद्यार्थी होता.

तिथे जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, म्हणून हे पत्र. सुरुवात मात्र जरा लांबून, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून करावी लागेल.

गेल्या ऑगस्टमध्ये मी मुलीकडे सेंट क्लाउड गावी होतो. मिनेसोटा म्हटलं की बर्फ, एवढंच मला ठाऊक होतं. पण ऑगस्टमध्ये तिथेही उकडतं, आणि हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. गावापासून वीसेक किलोमीटरवर कॉलेजव्हिल इथे बेनेडिक्टाइन मठवासीयांचं सेंट जॉन्स विद्यापीठ आहे, तिथले ते माजी विद्यार्थी. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात चार मित्र जमायचे आणि विषय एकच, येत्या सीझनचा फुटबॉल. आपला नव्हे, त्यांचा. हेल्मेट घालून, खांद्यावर पॅड चढवून, लांबट चेंडू बगलेत धरून एकमेकांवर आदळायचा तो खेळ. मी आयुष्यभर शिट्टी फुंकलेला माणूस, त्यामुळे खेळ वेगळा असला तरी गप्पा मला लगेच कळल्या. सुट्टीत कोण व्यायाम करून आला, कोण नुसता झोपा काढून आला, कुणाचा गुडघा बरा झाला, पुढच्या फळीतली सव्वाशे किलोची पोरं या उकाड्यात तग धरतील का. अगदी आपल्या कॅम्पातल्या चहाच्या टपरीवरची बैठक.

ही कॉलेजं लहान. त्यांच्या देशात कॉलेजच्या खेळांचा जो तिसरा विभाग आहे, त्यात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पोरं फी भरून शिकतात आणि हौसेने खेळतात. टीव्हीवर दिसणारी लाखभर प्रेक्षकांची स्टेडियमं वेगळी. सेंट जॉन्सचं क्लेमन्स स्टेडियम साडेसात हजारांचं. झाडीच्या मधोमध जमिनीलाच खोलगट वाटीसारखा आकार आहे, त्यात ते बसवलंय. शेजाऱ्यांनी मला तिथे नेलं तेव्हा मैदान रिकामं होतं. मठाचं चर्चही दाखवलं. मार्सेल ब्रॉयर या वास्तुशिल्पीने बांधलेलं, समोर काँक्रीटचा प्रचंड घंटामनोरा. संपूर्ण बायबल हाताने लिहून, चित्रं काढून घेण्याचं कामही याच मठाने १९९८ साली हाती घेतलं आणि २०११ मध्ये पुरं केलं. आम्ही पडलो मेथडिस्ट. मठ, जपजाप्य, धूप यांच्याकडे आमची लहानपणापासून जरा तिरकीच नजर. पण त्या पानांच्या छापील प्रती पाहताना मी बराच वेळ उभा राहिलो. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

व्हरांड्यात स्टेडियमवरूनही वाद व्हायचा. सेंट जॉन्सचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस विद्यापीठ. तेही कॅथलिकच. २०१७ च्या सप्टेंबरात या दोघांचा सामना मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड या बेसबॉलच्या मोठ्या स्टेडियममध्ये ठेवला, तर ३७,३५५ लोक आले. तिसऱ्या विभागात एवढी गर्दी त्याआधी कधी जमली नव्हती. पुढे सेंट थॉमस इतरांच्या मानाने फार मोठं झालं म्हणून २०१९ मध्ये त्याला त्या गटातून बाहेर पडायला सांगितलं गेलं, आणि २०२१ पासून ते थेट पहिल्या विभागात खेळू लागलं. त्या सामन्याची हळहळ अजून संपलेली नाही. एकाचं म्हणणं, मोठं मैदान असेल तर मोठी पोरं येतात. शेजारी म्हणाले, "मोठ्या मैदानात मी बायकोला हाक मारली तर तिला ऐकू गेली नाही. झाडीतल्या मैदानात समोरच्या बाजूचा माणूससुद्धा ओळखू येतो."

मग एक नाव निघालं आणि सगळ्यांचे आवाज बदलले. जॉन गॅग्लियार्डी. १९५३ ते २०१२, साठ सीझन हा माणूस सेंट जॉन्सचा प्रशिक्षक होता. ४८९ सामने जिंकले. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. चार राष्ट्रीय अजिंक्यपदं: १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. निवृत्त झाले तेव्हा वय ८६, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात गेले.

आकडे ऐकून मी म्हणालो, "फार कडक असणार." चौघेही हसले.

त्यांच्या सरावात शिट्टी नव्हती. मैदानाला फेऱ्या मारणं नव्हतं. पोरांना ढकलायला लावतात त्या जड लोखंडी गाड्या नव्हत्या. आणि ज्या खेळात एकमेकांना आडवं पाडणं हाच गाभा, त्याच्या सरावात कुणी कुणाला आडवं पाडायचं नाही! सराव दीड तासाच्या आसपास. फार ऊन असेल, पाऊस असेल, डास फार असतील, तर सराव आत किंवा रद्द. तहान लागली की पाणी प्यायचं, विचारायचं नाही. पोरं त्यांना 'कोच' न म्हणता 'जॉन' म्हणत. (हे आपल्याकडे जमायचं नाही. मला कुणी नावाने हाक मारली असती तर मी अख्ख्या वर्गाला उठाबशा काढायला लावल्या असत्या.) कधीकधी व्यायाम म्हणून सगळ्यांना गवतावर उताणं झोपवायचे आणि दिवस किती छान आहे हे एकमेकांना सांगायला लावायचे.

हे शहाणपण त्यांना म्हातारपणी सुचलेलं नाही. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावात ते कॅथलिक शाळेत शिकत होते. १९४३ मध्ये शाळेच्या प्रशिक्षकाला सैन्यात बोलावलं, संघ बंद पडायची वेळ आली, तेव्हा सोळा वर्षांच्या या पोराने संघ हातात घेतला. स्वतः खेळाडू असताना जे जे नकोसं वाटत होतं, ते सगळं त्याने आधी काढून टाकलं. त्यातलीच एक गोष्ट, सरावात पाणी प्यायला बंदी.

याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं तेही सांगतो. १९५४ मध्ये, म्हणजे गॅग्लियार्डी सेंट जॉन्सला आल्याच्या पुढच्याच वर्षी, टेक्सासमध्ये बेअर ब्रायंट या प्रसिद्ध प्रशिक्षकाने आपल्या कॉलेजच्या पोरांना जंक्शन नावाच्या कोरड्या गावी नेलं. दहा दिवस रखरखत्या उन्हात सराव, पाणी जवळजवळ नाहीच. कितीतरी पोरं रातोरात पळून गेली. पुढे त्या शिबिरावर पुस्तक निघालं, चित्रपट निघाला, आणि टिकून राहिलेल्यांचं कौतुक झालं. मीही तशाच गोष्टी ऐकत वाढलो. माझ्या गुरुजींनी आम्हाला तसंच पळवलं, मी पुढच्यांना पळवलं.

व्हरांड्यातला चौघांतला तरुण मात्र गॅग्लियार्डीभक्त नव्हता. त्याचं म्हणणं, आता खेळ बदललाय, वजनं उचलल्याशिवाय आणि उन्हाळाभर धावल्याशिवाय चालत नाही. मला ते पटलं. दम वाढवावाच लागतो, तो आपोआप येत नाही. शेजारी त्याला एवढंच म्हणाले, "पळव की. पण कोरी स्ट्रिंगर लक्षात ठेव."

हे नाव मला माहीत नव्हतं. मिनेसोटा व्हायकिंग्स या व्यावसायिक संघाचा खेळाडू, वय २७. याच राज्यातल्या मँकेटो गावी सीझनपूर्व शिबिरात भर उकाड्यात सराव करताना कोसळला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने गेला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगात ४२ अंशांच्या वर ताप होता. डॉक्टर, प्रशिक्षक, पैसा, सगळं हाताशी असलेला संघ! २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा मुलगा धावण्याच्या सरावात कोसळला आणि दोन आठवड्यांनी वारला. त्याला वेळेवर बर्फाच्या पाण्यात ठेवलं नव्हतं. विद्यापीठाने पुढे जबाबदारी मान्य केली.

म्हणून तिथे आता नियम आहेत. कॉलेजच्या खेळांच्या एनसीएए या संस्थेने २००३ मध्ये सीझनपूर्व सरावाचे पहिले पाच दिवस अंगाला उन्हाची सवय होण्यासाठी राखून ठेवले. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे दोन दिवस हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, पाचव्या दिवशी पूर्ण पोशाख. २०१७ मध्ये एका दिवसात दोनदा धडकाधडकीचा सराव घेणं बंद झालं. मुलीच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर मी रोज फिरायला जायचो. तिथे झाडाखाली एक मोठा टब पाण्याने भरलेला आणि शेजारी बर्फाच्या पेट्या. मला वाटलं शीतपेयांसाठी असेल. जावयाने सांगितलं, "पप्पा, तो पोरांसाठी आहे. कुणी पडला तर त्यात बसवायला." त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एप्रिल. आंतरशालेय सामन्यांची तयारी, दुपारचे तीन. नववीतला एक मुलगा फेऱ्या मारताना मागे पडायला लागला. म्हणाला, "सर, गरगरायला लागलंय." मी म्हणालो, "नाटक बंद कर, अजून दोन." पुढच्या फेरीत तो सरळ धावेना, गोलपोस्टकडे तोंड करून काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, ओकला आणि पडला. अंग घामाने निथळत होतं, म्हणून मला वाटलं ऊन लागलेलं नसणार, कारण उष्माघात झाला की घाम थांबतो असं आम्ही ऐकलेलं. ते अर्धवट ज्ञान. म्हातारी माणसं घरात बसून उन्हाने आजारी पडतात तेव्हा अंग कोरडं पडतं. धावणाऱ्या पोराला उष्माघात झाला तरी घाम येत असू शकतो. खरी खूण डोक्याची. बरळणं, झोकांड्या, उगाच चिडणं, आपण कुठे आहोत ते न कळणं. ते दिसलं की एक मिनिट थांबायचं नाही.

मैदानाला लागून एक बाई भांडी घासत होत्या. त्या धावत आल्या, मला बाजूला सारलं, आणि त्याच्या अंगावर पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. रिक्षा यायला वीस मिनिटं लागली, तोवर त्या ओततच होत्या. मुलगा वाचला. त्याला मी वाचवलं नाही, त्या माऊलीने वाचवलं. आणि मी काय शिकलो? काही नाही. त्या मुलाची तब्येतच नाजूक, असं स्वतःला सांगून पुढच्या वर्षी पुन्हा तेच सुरू.

शिक्षेच्या फेऱ्या मारायला लावताना मी पोरांना पौलाचा दाखला द्यायचो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात नवव्या अध्यायात तो स्पर्धेत धावणाऱ्याचं आणि शरीर ताब्यात ठेवण्याचं बोलतो, तो. ऐकायला भारदस्त वाटायचं. त्याच पत्रात तीन अध्याय आधी तोच पौल शरीराला मंदिर म्हणतो, ते मी मैदानावर एकदाही सांगितलं नाही. ते फक्त विडी-दारूच्या विरोधातल्या भाषणात वापरायचं, असा आमचा रिवाज.

आता आपल्याकडचं. आपल्या स्पर्धा भर दुपारी का असतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. रविवारी सकाळी उपासना किंवा मिस्सा, ती सोडायची नाही. त्यानंतर जेवण. संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ, तोही उजेडात, कारण फोटो काढायचे. शिवाय वळवाचा पाऊस आला तर, ही धास्ती. मग उरतं काय? साडेबारा ते साडेचार. एकेका संघाला त्यात तीन-तीन सामने. आमच्या संघात निम्मी पोरं मंडळीतली, निम्मी शेजारच्या गल्लीतली, हिंदूही आणि मुसलमानही. त्यांच्या आयांनी आपल्यावर विश्वास ठेवून पाठवलेली.

टर्फचा मोह मला कळतो. ढोपरं फुटत नाहीत, फोटो हिरवेगार येतात. पण कृत्रिम टर्फ उन्हात गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. क्लेमन्स स्टेडियमवरही आता टर्फच आहे, पण ते लोक उन्हाचं वेळापत्रक पाळतात. आपण टर्फ घेणार आणि वेळ तीच ठेवणार, म्हणजे पोरांना तव्यावर उभं करणार.

"आमच्या वेळी आम्ही नाही का खेळलो?" असं मला लोक विचारतील. खेळलो. जे कोसळले ते पुढे खेळायला आले नाहीत, आणि त्यांना आपण नाजूक म्हणून विसरून गेलो. गॅग्लियार्डींची पोरं न पळता जिंकली, असंही मी म्हणत नाही. ती खेळूनच तयार झाली, एवढंच. आपल्या पोरांना पळवा. मात्र पहिले आठ-दहा दिवस सकाळी साडेसहाला, थोडं थोडं वाढवत. परीक्षा संपवून महिनाभर बसून राहिलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दहा फेऱ्या नकोत, आणि शिक्षा म्हणून तर एकही नको. पाणी मागेल तेव्हा द्या. पाणी प्यायलं की पोटात दुखतं, हे मी हजार पोरांना सांगितलं, त्याबद्दल त्या सगळ्यांची इथे माफी मागतो. पण नुसत्या पाण्यानेही भागत नाही. गरगरलं की थांबायचं, सावलीत न्यायचं. फुटबॉलच्या नियमांतही आता उन्हाच्या सामन्यात दीड ते तीन मिनिटांच्या विश्रांतीची सोय आहे. आपले पंच ती देत नाहीत, कारण कुणी मागत नाही.

आणि पोरगं बरळायला लागलं तर आधी थंड करायचं, मग दवाखान्यात. रिक्षाची वाट बघत वारा घालत बसायचं नाही. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर बादल्या, ओल्या चादरी, काखेत आणि मानेला बर्फ. त्याच वेळी दुसऱ्याने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

समित्यांना माझी विनंती साधी आहे. सामने शनिवारी सकाळी सहा ते नऊ आणि रविवारी संध्याकाळी पाचनंतर ठेवा. एका संघाला दिवसाला एकच सामना. वेळ पुरत नसेल तर संघ कमी घ्या किंवा आणखी एक शनिवार घ्या. पाहुण्यांना बक्षीस द्यायला दिव्याच्या उजेडात बोलवा, ते येतील. गॅलरीचे पत्रे पुढच्या वर्षी झाले तरी चालतील.

आमच्या समितीला मी हे आज लेखी दिलं आहे. उत्तर यायचं आहे. तोवर मी खडेबाजारातून निळ्या प्लास्टिकचा मोठा टब आणून चर्चच्या मागच्या खोलीत ठेवला आहे, बर्फवाल्याशीही बोलून ठेवलं आहे. कुठल्याही चर्चच्या, मंडळाच्या, गल्लीच्या सामन्यांना तो लागला तर घेऊन जावा. भाडं नाही. संध्याकाळी परत आणून, उलटा करून ठेवावा, नाहीतर डास होतात.

— एक निवृत्त पी.टी. शिक्षक,
कॅम्प, बेळगाव